दृष्टांताचा जुलूम : ख्रिस्ती श्रद्धेच्या कथा आणि मराठी समीक्षेची सोय

१

ख्रिस्ती श्रद्धा, क्षमा आणि आशा यांचे दर्शन घडविणाऱ्या कथा असा एक वर्ग वाङ्मयव्यवहारात गृहीत धरलेला असतो. या वर्गाविषयी दोन भूमिका प्रचलित आहेत आणि त्या परस्परविरोधी असल्याचा समज आहे. पहिली भूमिका संकलकांची, धर्मोपदेशकांची आणि मूल्यशिक्षणाची पुस्तके सिद्ध करणाऱ्यांची. तिच्या मते तत्त्व आधी ठरलेले असते. सामान्य माणसाला ते जड जाते, म्हणून गोष्टीच्या साखरेत घोळवून द्यावयाचे. दुसरी भूमिका वाङ्मयसमीक्षकांची. तिच्या मते जेथे तत्त्व आधी ठरलेले असते तेथे कला संभवत नाही. सबब अशा कथा म्हणजे बोधवाङ्मय अथवा प्रचार. त्यांची नोंद वाङ्मयेतिहासात 'मिशनरी वाङ्मय' या प्रकरणात करावी आणि पुढे जावे.

वस्तुतः या दोन भूमिकांत भांडण नाही. दोघींचेही मूळ गृहीतक एकच आहे : धर्मश्रद्धेच्या कथेचा आशय कथेच्या बाहेर, कथेपूर्वी आणि कथेवाचून सिद्ध असतो. एक पक्ष या गृहीतकाच्या आधारे कथेचे स्वागत करतो, दुसरा त्याच आधारे तिला बाहेर काढतो. कथा मात्र कोणीच वाचत नाही. उपदेशकाला तात्पर्य मिळाले की त्याचे काम संपते. समीक्षकाला तात्पर्याचा वास आला की त्याचे.

हा प्रश्न एखाद्या दुय्यम वाङ्मयप्रकाराच्या प्रतवारीपुरता नाही. अहमदनगरहून १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'पासून वसईच्या कॅथलिक लेखकांपर्यंत मराठीतील एक संपूर्ण लेखनपरंपरा या गृहीतकामुळे न वाचता निकालात काढली जाते. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा विरोध झाला आणि समर्थनही झाले. लेखकाचा झगा हा दोन्ही बाजूंच्या चर्चेचा विषय होता; त्याचे गद्य क्वचितच कोणाच्या चर्चेत आले. विरोधक धर्मांतराची भाषा बोलत होते, समर्थक सहिष्णुतेची. वाङ्मयीन न्याय दोघांनीही केला नाही.

या गृहीतकाची तपासणी दोन अंगांनी करावी लागते. धर्मकथा उदाहरणापुरती उरली की ती साहित्य म्हणून दुबळी होते, एवढे म्हणणे पुरेसे नाही. ते सर्वमान्य आहे. अशी कथा ख्रिस्ती धर्मविचाराशीही बेइमानी करते, हे अधिक महत्त्वाचे प्रतिपादन आहे.

२

मराठी ख्रिस्ती परंपरेत येशूच्या कथांसाठी 'दाखला' आणि 'दृष्टांत' असे दोन्ही शब्द रूढ आहेत. दुसरा शब्द मराठीत रिकाम्या हाताने आलेला नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनी सिद्ध केलेल्या महानुभावीय 'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची रचना काटेकोर आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे, असे परंपरा मानते. म्हणजे मराठी गद्याच्या आरंभीच गोष्ट सांगणारा आणि तिचा लागू अर्थ सांगणारा हे दोघे वेगळे आहेत आणि हे वेगळेपण लपविलेले नाही. जन्मांध माणसे हत्ती चाचपून पाहतात तो दृष्टांत लोकांच्या तोंडी राहिला. त्याचे दार्ष्टांतिक अभ्यासकांपुरते उरले. गोष्ट आपल्या लागू अर्थाला पुरून उरते, हे मराठीला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

शुभवर्तमानांतील दृष्टांतांचा इतिहासही याच दिशेने जातो. मार्कच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याची गोष्ट येते आणि तिच्यामागोमाग बी म्हणजे काय, वाट म्हणजे काय, खडकाळ जमीन म्हणजे काय याचा उलगडा येतो. हा उलगडा मूळ कथनाचा भाग नसून आरंभीच्या मंडळीने जोडलेले स्पष्टीकरण आहे, असे मत आधुनिक बायबल-संशोधनात प्रबळ आहे. संत ऑगस्टीनने चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत हीच रीत टोकाला नेली : लुटला गेलेला वाटसरू म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे चर्च, तिचा चालक म्हणजे पौल. आडोल्फ युलिशरने १८८० च्या दशकात दृष्टांतांवरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध करून या रूपकबाजीला सुरुंग लावला. परंतु रूपकांच्या जागी त्याने प्रत्येक गोष्टीला एकेक सर्वसामान्य नैतिक तात्पर्य बहाल केले. अनेक दार्ष्टांतिकांऐवजी एक दार्ष्टांतिक, इतकाच फरक. सी. एच. डॉडने १९३५ साली हे मोडून काढले. दृष्टांताचा नेमका विनियोग काय याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात संदेह शिल्लक राहतो आणि तो संदेहच त्याला विचाराला प्रवृत्त करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे फ्रँक कर्मोडने १९७९ साली मार्कमधील एका अडचणीच्या वाक्यावर बोट ठेवले. बाहेरच्यांना समजू नये 'म्हणून' दृष्टांत सांगतो, असा मार्कचा ग्रीक अव्यय सुचवितो. मत्तय तोच अव्यय बदलून, त्यांना समजत नाही 'या कारणाने' सांगतो, असा सौम्य अर्थ करून घेतो. एका अव्ययाच्या बदलात दृष्टांताविषयीच्या दोन भिन्न कल्पना उभ्या आहेत. मत्तयाची कल्पना उदाहरणवाद्यांना सोयीची आहे. मार्कची कल्पना कोणालाच सोयीची नाही, म्हणूनच तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे.

उधळ्या पुत्राची गोष्ट हा क्षमेचा नमुनेदार दृष्टांत मानला जातो. तिचा शेवट मात्र बहुतेक पुनर्कथनांत गाळला जातो अथवा घाईने उरकला जातो. धाकटा परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी सुरू होते. चित्रे येथेच थांबतात. लूकची कथा येथे थांबत नाही. थोरला मुलगा शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, आत येण्याचे नाकारतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. बापाचे बोलणे संपते तेथे गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. ही गोष्ट कोणापुढे सांगितली गेली, तेही त्याच अध्यायाच्या आरंभी नोंदलेले आहे : पापी लोकांच्या पंक्तीला बसणाऱ्या येशूविषयी कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री समोर आहेत. थोरल्याचे उत्तर त्यांनी द्यावयाचे आहे. गोष्टीला शेवट नाही, कारण तो ऐकणाऱ्याच्या वर्तनात घडावयाचा आहे.

बारकाईने पाहिल्यास धाकट्याचा प्रसंगही उदाहरणवाद्यांच्या गणितात बसत नाही. त्याने वाटेत क्षमायाचनेचे भाषण पाठ केलेले असते. त्यातील शेवटची विनंती, आपल्याला मोलकऱ्यांपैकी एक समजावे ही, त्याच्या तोंडून बाहेर पडण्यापूर्वीच बाप चाकरांना झगा आणावयास सांगतो. पश्चात्ताप पूर्ण झाला म्हणून क्षमा मिळाली, असे कार्यकारण कथा लावू देत नाही. ज्या संग्रहांत या गोष्टीखाली 'पश्चात्ताप केल्यास क्षमा मिळते' असे तात्पर्य छापले जाते, त्यांनी गोष्ट वाचलेली नाही, आपल्याला आधीच ठाऊक असलेले वाक्य वाचले आहे.

३

येथे कथाप्रकाराच्या स्वरूपाचा प्रश्न येतो. पौलाच्या प्रसिद्ध त्रयीत विश्वास, आशा आणि प्रीती आहेत. क्षमा तिच्यात नाही. बोधकथांच्या संग्रहांनी प्रीतीच्या जागी अनेकदा क्षमा बसविली, ती कथेच्या गरजेपोटी. प्रीती ही वृत्ती असू शकते. क्षमा ही घटनाच असावी लागते. तिला अपराध लागतो, अपराधी लागतो, ज्याचे नुकसान झाले तो माणूस लागतो आणि या सर्वांमधून गेलेला काळ लागतो. क्षमा भूतकाळाशी झुंजते, आशा भविष्याशी, आणि विश्वास या दोहोंच्या मध्ये, काहीही हाती नसताना, टिकावयाचा असतो. तिन्ही मूल्ये कालबद्ध आहेत आणि कथा ही काळाचीच कला आहे. म्हणूनच ही मूल्ये कथेकडे वळतात. साखरेच्या गोळीसाठी नव्हे.

उदाहरणकथा हा काळच रद्द करते. शेवट आधी ठरलेला असल्यामुळे तिच्यात काही घडत नाही, फक्त सिद्ध होते. निवेदकाने ज्या आशेच्या पूर्तीची हमी आरंभीच दिली आहे ती आशा नव्हे. दिसलेल्या गोष्टीची आशा कोण धरील, असा पौलाचाच युक्तिवाद आहे. जिची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही ती क्षमा नव्हे. आणि ज्याला डगमगण्यास जागाच नाही तो विश्वास नव्हे. उदाहरणकथा धर्मदृष्ट्याही खोटी ठरते ती या ठिकाणी.

टॉलस्टॉयच्या कथा या संदर्भात उपयुक्त आहेत, कारण त्यांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. १८८४ साली त्याच्या प्रेरणेने सुरू झालेल्या 'पोस्रेदनिक' या प्रकाशनाने शेतकरी वाचकांसाठी अत्यल्प किमतीच्या पुस्तिका काढल्या. टॉलस्टॉयच्या लोककथावजा गोष्टींचा प्रसार या पुस्तिकांतून झाला. त्यापूर्वी १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'माणसे कशाने जगतात' या कथेत चांभाराच्या घरी राहिलेला देवदूत शेवटी तीन प्रश्नांची तीन उत्तरे क्रमाने सांगतो. हे सरळसरळ दार्ष्टांतिक आहे आणि कथेच्या पूर्वार्धातील थंडी, फाटका कोट, बायकोचा संताप आणि उरलेल्या भाकरीचा हिशेब यांच्यापुढे ते फिके पडते.

१८८५ ची 'जेथे प्रेम तेथे देव' ही कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तिचे मूळ रुबेन सायां या फ्रेंच प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या कथेत आहे. म्हणजे कथानकही उसने आणि तात्पर्यही मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातून घेतलेले. तरीही ती टॉलस्टॉयची कथा होते. मार्टिन हा चांभार तळघरात राहतो. त्याच्या एकुलत्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात आणि तो माणसे त्यांच्या बुटांवरून ओळखतो, कारण त्यांतले बहुतेक जोड कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेले असतात. शेजाऱ्याला ओळखण्याचा हा मार्ग कोणत्याही वचनातून निघत नाही, धंद्यातून निघतो. पुढे सफरचंदे विकणारी म्हातारी चोरी करणाऱ्या पोराला चोप देऊ पाहते. मार्टिन तिला मोठे कर्ज माफ झालेल्या चाकराचा दृष्टांत सांगतो आणि पोराला दिलेल्या सफरचंदाचे पैसे आपण देऊ म्हणतो. म्हातारी मवाळते, पोरगा तिची गोणी उचलून घेतो, दोघे बोलत निघून जातात. आणि सफरचंदाचे पैसे मागावयाचे ती विसरून जाते. कथेतील क्षमा या विसरण्यात आहे. दृष्टांत सांगितला गेला तेव्हा ती घडली नव्हती. घडली तेव्हा तिचे नाव कोणी घेतले नाही. उदाहरणवादी वाचक मार्टिनने सांगितलेला दृष्टांत अधोरेखित करतो आणि विसरलेले पैसे त्याच्या नजरेतून सुटतात.

१८७२ ची 'देव सत्य पाहतो, पण वाट पाहतो' ही कथा या सर्वांहून कठोर आहे. न केलेल्या खुनासाठी अक्स्योनोव हा व्यापारी सव्वीस वर्षे सैबेरियात काढतो. खरा गुन्हेगार मकार तेथेच कैदी म्हणून येतो. त्याने खणलेल्या भुयाराची माहिती असूनही अक्स्योनोव अधिकाऱ्यांपुढे त्याचे नाव घेत नाही. मकार रात्री येऊन क्षमा मागतो. अक्स्योनोव ती देवाच्या हवाली करतो आणि आपण त्याच्याहून वाईट नसू कशावरून, असे म्हणतो. मकार कबुलीजबाब देतो. सुटकेचा हुकूम येतो तेव्हा अक्स्योनोव मेलेला असतो. क्षमा झाली, न्याय पोहोचला नाही. सव्वीस वर्षे, दुरावलेली बायकामुले आणि गेलेले घर यांपैकी काहीही परत आले नाही. टॉलस्टॉयने १८९७ साली पूर्ण झालेल्या आणि साने गुरुजींनी 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणलेल्या ग्रंथात स्वतःच्या जवळजवळ सर्व लेखनाला निकृष्ट कलेत ढकलले. ज्या दोन कथा वाचविल्या त्यांतली ही एक. त्याच ग्रंथातील त्याचा सिद्धान्त भावनेच्या संसर्गाचा आहे, तत्त्वाच्या उदाहरणाचा नाही. साने गुरुजींच्या नावाने संस्कारकथांचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतलेला दिसत नाही.

४

क्षमेच्या कथांवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो कलावाद्यांच्या आक्षेपाहून कितीतरी वजनदार आहे. क्षमा कोणी करावयाची? बोधकथांत ती बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच करावयाची असते : मारहाण सोसणाऱ्या बायकोने, फसवल्या गेलेल्या भावाने, अपमानित चाकराने. अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातील लोक मोठ्या संख्येने होते. ज्यांना गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले त्यांना क्षमेचे महत्त्व सांगणारी गोष्ट सांगणे म्हणजे धनकोलाच कर्जफेडीचा उपदेश करणे होय. दलित साहित्याने विद्रोहाला मध्यवर्ती स्थान दिले त्यामागे सोशिकतेच्या सद्गुणाविषयीचा हा रास्त संशय आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय क्षमेच्या कथांची बाजू मांडता येत नाही.

हे उत्तर दृष्टांतांतच आहे, पण ते उदाहरणवाद्यांनी झाकून टाकले आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील राजा आपल्या चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज कोणाही मजुराला कित्येक जन्मांत फिटणारे नव्हे. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याची मानगूट धरतो. क्षमा येथे वरून खाली येते, सत्ता असणाऱ्याकडून सुरू होते, आणि ती खाली न देणाऱ्याचा निवाडा होतो. उधळ्याच्या गोष्टीतही क्षमा करणारा घरधनी आहे. हे आर्थिक आणि सामाजिक तपशील म्हणजे गोष्टीची सजावट नव्हे, तोच तिचा अर्थ आहे. त्यांना पुसून 'सर्वांनी सर्वांना क्षमा करावी' असे तात्पर्य काढले की राजा आणि कर्जदार यांतला भेदच नाहीसा होतो आणि ज्याच्या मानगुटीवर हात आहे त्यालाच क्षमाशील होण्यास सांगता येते. उदाहरणकथेचा जुलूम हा असा केवळ वाङ्मयीन राहत नाही.

फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकन कॅथलिक लेखिकेची 'रेव्हलेशन' ही १९६४ ची कथा या मुद्द्यावर विलक्षण प्रकाश टाकते. जॉर्जियातील मिसेस टर्पिन ही श्रद्धाळू, नीटनेटकी, दानधर्म करणारी शेतमालकीण. झोप येत नसली की ती माणसांची उतरंड रचीत बसते : सर्वांत खाली काळे, त्यांच्या शेजारी कंगाल गोरे, त्यांच्यावर घरमालक, त्यांच्यावर घर आणि जमीन दोन्ही असलेले, म्हणजे ती आणि तिचा नवरा. मग ज्याच्याजवळ पैसा आहे पण कुळी नाही, आणि ज्याच्याजवळ कुळी आहे पण पैसा गेला आहे, त्यांना कोठे बसवावे याचा घोळ होतो. मराठी वाचकाला ही उतरंड समजण्यास तळटीप लागत नाही. डॉक्टरच्या दवाखान्यात एक मुलगी तिच्या तोंडावर पुस्तक फेकून मारते आणि तिला नरकातले डुक्कर म्हणते. संध्याकाळी डुकरांच्या गोठ्याशी उभ्या असलेल्या मिसेस टर्पिनला आकाशाकडे चाललेली मिरवणूक दिसते. तिने खाली ठेवलेले सर्व लोक पुढे आहेत. तिच्यासारखे सर्वांत मागे, शिस्तीत चालणारे, आणि त्यांचे सद्गुणही जळून जात आहेत. ती बदलली की नाही, कथा सांगत नाही.

या कथेत कृपा आहे, पण ती थप्पड होऊन येते. पीडिताने क्षमा करण्याचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. ज्याला आपल्याला क्षमेची गरज आहे हेच ठाऊक नाही, त्याचा हा वृत्तांत आहे. कथेचा अर्थ कथेतून वेगळा उचलून सांगता येत असेल तर ती कथा फारशी चांगली नसते, अशी ओ'कॉनरची धारणा तिच्या मृत्यूनंतर १९६९ साली संग्रहित झालेल्या निबंधांतून दिसते. ही धारणा एका कर्मठ श्रद्धावंताची आहे, कलावाद्याची नव्हे. २०२० साली तिच्या पत्रांतील वंशवादी उद्गारांवरून वाद झाला आणि मेरिलँडच्या लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून टाकले. वसतिगृहाचे नाव हा विद्यापीठाचा निर्णय. परंतु त्यामुळे कथा वाचण्याचे काम संपत नाही. मिरवणुकीच्या शेपटाला जे चालत आहेत त्यांत लेखिकेचा स्वतःचा वर्गही आहे. लेखिकेच्या पत्रांपेक्षा तिची कथा अधिक न्यायी आहे, हे कथेच्या बाजूचे प्रमाण आहे. आणि लेखकाच्या श्रद्धेवरून कथेचा आशय आधीच ओळखणाऱ्या समीक्षेला ते गैरसोयीचे आहे.

५

आशेच्या बाबतीत चेखॉव्हची १८९४ ची 'विद्यार्थी' ही अवघ्या तीन-चार पानांची कथा निर्णायक ठरावी. शुभ शुक्रवारची संध्याकाळ, परतून आलेली थंडी, उपाशी असलेला धर्मशास्त्राचा विद्यार्थी इव्हान. हीच गरिबी, हाच अंधार शतकानुशतके चालत आला आहे आणि पुढेही चालेल, असे त्याला वाटते. मळ्यात शेकोटीशी दोन विधवा भेटतात : म्हातारी वासिलिसा आणि तिची मुलगी लुकेरिया, जी नवऱ्याच्या माराने दबून गेलेली आहे. अशाच थंड रात्री पेत्र शेकत उभा होता, असे म्हणून विद्यार्थी पेत्राच्या तीन नकारांची हकीकत सांगतो. वासिलिसा रडू लागते. पुढे गेल्यावर विद्यार्थ्याच्या मनात येते की ती रडली, त्या अर्थी एकोणीस शतकांपूर्वीच्या त्या रात्रीशी तिचा काही संबंध आहे. भूतकाळ आणि वर्तमान एका साखळीने जोडलेले आहेत, एक टोक हलविले की दुसरे थरथरते. त्याला आनंदाचे भरते येते.

या कथेचा उपयोग श्रद्धेच्या विजयाचे उदाहरण म्हणून सहज करता येतो. त्यासाठी दोन गोष्टी वगळाव्या लागतात. पहिली, तो केवळ बावीस वर्षांचा होता, ही निवेदकाने जाता जाता केलेली नोंद. दुसरी, लुकेरिया. ती रडत नाही. तिचा चेहरा तीव्र वेदना दाबून धरणाऱ्यासारखा होतो. विद्यार्थी वासिलिसाच्या अश्रूंवरून सिद्धान्त उभारतो. लुकेरियाच्या चेहऱ्याचे तो काय करतो हे स्पष्ट नाही. चेखॉव्ह आशा खोटी ठरवीत नाही आणि तिची हमीही देत नाही. साखळीची दोन टोके खरी आहेत. मार खाल्लेली बाईही खरी आहे. आशा लुकेरियासमोर टिकते की नाही, ही परीक्षा कथा वाचकाकडे सोपविते. लूकच्या थोरल्या मुलासारखेच हे मोकळे ठेवलेले दार आहे.

एरिख आउअरबाखने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस' या ग्रंथात याच पेत्राच्या नकाराच्या प्रसंगाचे विवेचन केले आहे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एका कोळ्याची भीती, त्याचा भ्याडपणा आणि त्याचे रडणे यांना उदात्त गांभीर्याने हाताळणे अभिजात ग्रीक-रोमन शैलीभेदात शक्यच नव्हते. सामान्य माणूस तेथे विनोदापुरता असे. शुभवर्तमानाच्या कथनाने ही भिंत पाडली, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे खरे असेल तर ख्रिस्ती कथनाचे साहित्याला झालेले देणे तात्पर्याचे नाही. कोणाकडे गंभीरपणे पाहावयाचे याच्या निर्णयाचे आहे. वास्तववादाची प्रतिष्ठा मानणाऱ्या आणि धर्मकथेला मात्र प्रचार म्हणून हिणवणाऱ्या मराठी समीक्षेने हे ऋण तपासलेले नाही.

६

आता मराठीकडे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चे साल, १८५७, मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला पाठ असते. ती पहिली मराठी कादंबरी की नव्हे, हा वादही पाठ असतो. पुस्तकाविषयीचा निर्णय मात्र एका वाक्यात आटोपतो : धर्मप्रसारासाठी लिहिलेली, सबब कलादृष्ट्या कच्ची. धर्मांतराकडे नेणारे कथानक त्यात आहे आणि ते उदाहरणकथेच्या साच्यातले आहे, हे मान्य करावे. पण पर्यटनात यमुनेला भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती त्या साच्यात मावत नाहीत. पुस्तकाचे उपशीर्षकच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे आणि या निरूपणात जे दुःख येते त्याची वासलात शेवटच्या धर्मस्वीकाराने लागत नाही. सूत्र आणि दार्ष्टांतिक यांच्या मध्ये दृष्टांत येथेही पुरून उरला आहे. पुस्तकाची कच्चेपणाबद्दल निंदा करणारे आणि धर्मनिष्ठेबद्दल स्तुती करणारे, दोघेही शेवटच वाचतात.

लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' ही कथा नव्हे, आत्मकथन आहे. परंतु विश्वास आणि क्षमा यांचे कथन मराठीत कोणत्या रीतीने शक्य आहे याचा तो सर्वांत मोठा पुरावा आहे. नारायण वामन टिळकांच्या १८९५ मधील धर्मांतराने झालेला आघात, दुराव्याची वर्षे, पुन्हा मांडलेला संसार आणि हळूहळू गळून पडलेले सोवळेओवळे हे सर्व त्यात क्रमाने, घरगुती भाषेत आणि स्वतःवरच्या विनोदासह येते. नवऱ्याला क्षमा केल्याची घोषणा करण्याऐवजी लक्ष्मीबाई त्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगतात. क्षमा विनोदाच्या रूपाने वाक्यरचनेत उतरली आहे. समीक्षेने या पुस्तकाला डोक्यावर घेतले खरे, पण त्यासाठी त्यातील धर्म बाजूला ठेवला. भाषा, प्रांजळपणा आणि स्त्रीजीवन यांचे कौतुक झाले. चांगले लेखन सापडले की ते 'ख्रिस्ती' राहत नाही, आणि ख्रिस्ती म्हणून जे उरते ते चांगले नसते : अशा व्याख्येने कोणताही सिद्धान्त अबाधित राहू शकतो.

यावर एक प्रतिप्रश्न संभवतो. तात्पर्य वजा केल्यावर या कथांना 'ख्रिस्ती' तरी का म्हणावे? त्याचे उत्तर असे की, ख्रिस्तीपणा तात्पर्यात नसून कथेच्या बांधणीत आहे : बाहेर उभ्या असलेल्या थोरल्यासाठी मोकळा ठेवलेला शेवट, वरून खाली येणाऱ्या क्षमेचा हिशेब, उशिरा आलेल्या न्यायाची न लपविलेली किंमत, कोळ्याच्या आणि विधवेच्या रडण्याला दिलेले गांभीर्य. ही रूपवैशिष्ट्ये एका विशिष्ट कथनपरंपरेतून आलेली आहेत आणि ती ओळखण्यासाठी वाचकाने ती श्रद्धा स्वीकारण्याची गरज नाही. चेखॉव्हला श्रद्धावंत म्हणणे कठीण आहे. तरी 'विद्यार्थी' ही कथा त्या परंपरेबाहेर उभीच राहू शकली नसती.

कलावाद आणि जीवनवाद यांच्या दीर्घ वादात मराठी समीक्षेने रूप आणि बोध यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवण्याची सवय लावून घेतली. धर्मकथेच्या बाबतीत ही सवय अजून सुटलेली नाही. उपदेशकांकडून कथावाचनाची अपेक्षा करणे कदाचित अनाठायी ठरेल; त्यांचा व्यवसाय वेगळा आहे. समीक्षकाला ही सबब नाही. 'मराठी ख्रिस्ती साहित्य' हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय म्हणून मान्य करावयाचा असेल तर 'या साहित्यातून व्यक्त होणारी मूल्ये स्पष्ट करा' या जातीचे प्रश्न प्रथम बंद झाले पाहिजेत. कारण त्या प्रश्नाचे उत्तर एकही कथा न वाचता लिहिता येते आणि आजवर बहुधा तसेच लिहिले गेले आहे. त्याऐवजी एखादी कथा समोर ठेवून विचारावे : येथे क्षमा कोण करतो, तिची किंमत कोणाला पडते आणि कथा संपते तेव्हा दाराबाहेर कोण उभे आहे?